पोळ्याच्या आधी की नंतर

आमच्या घरात नवस बोलायला बंदी आहे. पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत कुणी मुलाच्या नोकरीसाठी, कुणी सुनेला दिवस जावेत म्हणून, कुणी नुसतं गुडघे दुखायचे थांबावेत म्हणून देवाला काही ना काही कबूल करून ठेवलेलं असतं. आमच्याकडे ते चालत नाही. माझी मुलगी अमृता बारावीला होती तेव्हा मी गुपचूप नारळ बोलले, तर सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं आणि अबोला धरला. शेवटी मीच रडकुंडीला आले तेव्हा म्हणाल्या, "अंबिका, देवाला काय बी मागू नगं. मागितलं की त्यो हिशोब धरतोय."

सासूबाईंचं नाव बानाबाई. मी त्यांना आत्या म्हणते, आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. वय ऐंशी, अंगानं काटक, जीभ तिखट. जन्म सिल्लोडकडचा, तोही घरात नाही, मेंढरांच्या वाड्यावर. वाडा म्हणजे मोठं दगडी घर नव्हे. मेंढरं बसवायची, भोवती जाळं लावायचं, शेजारी तीन दगडांची चूल मांडायची, आणि चारा संपला की सगळं घोड्यावर लादून पुढं निघायचं, तो वाडा. लग्न झाल्यावर शेती, मग बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, मग नवरा गेला, मग मुलाला वाळूजला कंपनीत नोकरी लागली म्हणून शहरात आल्या. शहराशी त्यांचं कधी जमलं नाही. अजूनही पंख्याखाली झोपत नाहीत आणि पार्सलवाल्याला घरात बोलावून पाणी विचारतात.

पण त्यांची खरी गोष्ट त्यांच्या जन्माच्या वर्षातच घडून गेली होती. त्यानंतरची ऐंशी वर्षं त्यांनी ती नुसती वागवली.

त्यांचे वडील मुंजाबा. आपल्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती चालली होती ती नगरला, इंग्रजांच्या मुलखात. मेंढरांवर रोग पडून निम्मा कळप मेला तेव्हा हा गडी उठला आणि नगरला जाऊन पलटणीत भरती झाला. गाव कुठलं विचारल्यावर वाड्याला गाव कुठून असणार? त्यानं तोंडाला आलं ते नाव सांगितलं. एकदा रजेवर आला, परत गेला, आणि मागं बायकोला दिवस राहिले. त्या पोटातल्या म्हणजे आमच्या आत्या.

आत्यांची आई ठकूबाई, तेव्हा अठराएक वर्षांची असेल. तिनं बिरोबाला नवस बोलला. माणूस जिता वाड्यावर आला की मेंढा तुझा. त्या दिवसापासून एक मेंढा देवाच्या नावानं सोडला. असा सोडलेला मेंढा विकत नाहीत, त्याची लोकर कातरत नाहीत. तो नुसता वाढत राहतो आणि सगळा वाडा त्याच्याकडे बघत राहतो.

पंचेचाळीस साली ठकूबाई तान्ह्या बानाला पाठीशी बांधून सिल्लोडच्या बाजाराला गेली, तर तिथं गूळ वाटत होते. जपान शरण आला, लढाई संपली, मोठ्यामोठ्यांचे तह झाले, शिपाई सुटले. ती गूळ तोंडात धरून वाड्यापर्यंत पळत आली, असं सांगतात. श्रावण चालू होता. श्रावणात सुरी धरायची नाही म्हणून तिनं पोळ्यापर्यंत दम काढला. पोळ्याची कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस आला, तसा तिनं मेंढा बिरोबापुढं उभा केला.

माणूस अजून आलेला नव्हता. पण लढाई संपली म्हणजे माणूस आलाच, यात तिला शंका वाटली नाही, आणि मला सांगा, कुणाला वाटली असती? तिच्या सासऱ्यानं स्वतः सुरीला धार लावली. दीर-जावा, भगत, शेजारच्या वाड्यावरचे, सगळे जेवून तृप्त झाले. कुणी एकानंही म्हटलं नाही की बाई गं, थांब जरा.

दिवाळी गेली, संक्रांत गेली. आसपासच्या गावांतले शिपाई एकेक करून ट्रंका घेऊन आले. मुंजाबा आला नाही. त्याचा कागद आला नाही, निरोप आला नाही. मग ज्यांनी रस्सा ओरपला होता त्यांनाच आठवलं की नवस आधी फेडला. देवाचं देणं देऊन टाकलं, आता देवाला काय गरज पडली माणूस आणून द्यायची? मटण सगळ्यांनी खाल्लं आणि पाप एकटीच्या पदरात बांधलं. मला हे लिहितानाही राग येतो. त्या लोकांपैकी आज एकही जिवंत नाही, नाहीतर घरी जाऊन भांडले असते.

ठकूबाईला त्यांनी वाड्यातून काढलं नाही, पण देवापुढून काढलं. बिरोबाला नैवेद्य घेऊन जायला तिला मनाई झाली. मेला असं नक्की कळलं असतं तर धाकट्या दिराशी पाट लावून दिला असता. तेही नाही, कारण मेल्याची खबर नव्हती. ती कुंकू लावत राहिली. माझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ती वारली, तेव्हा मी तिला पाहिलंय. वाळून काटकी झालेली म्हातारी आणि कपाळावर रुपयाएवढं कुंकू. शेवटच्या दिवसांत तिनं आत्यांचा हात धरून एकच धरून ठेवलं होतं. "बाने, तेवढं कळाया पायजे. पोळ्याच्या आधी गेला का नंतर? आधी गेला आसंल तर माझ्या मेंढ्यानं काय बिघडलं नाय, मी सुटले. नंतर गेला आसंल तर त्या दिशी त्यो जिता व्हता. मंग म्याच मारला." आत्यांनी वचन दिलं की शोधून काढीन आणि तुला सांगीन. ऐकायला ती राहिली नाही, पण दिलेलं वचन राहिलं.

शोधायचं कुठं? आमचे हे, म्हणजे अंगद, कचेऱ्यांमधून फिरले. शिपायाचा नंबर विचारायचे, गाव विचारायचे. नंबर आमच्याकडे नव्हता आणि गाव तर त्यानं मनानंच सांगितलेलं. मुंजाबा नावाची माणसं थोडी का होती? आम्ही थकून सोडून दिलं. आत्यांनी सोडलं नाही. लग्नात, मर्तिकात, दवाखान्याच्या बाकावर कुणी फौजी घराण्यातलं भेटलं की त्या सरकत सरकत जवळ जायच्या.

मागं परदेशात क्षेपणास्त्रं पडत होती तेव्हा शेजारच्या आशाबाईंचा इंद्रजीत नोकरीनिमित्त तिकडं होता. युद्ध थांबल्याची बातमी टीव्हीवर आली आणि आशाबाई पेढे घेऊन आमच्या दारात. आत्यांनी विचारलं, "पोरगं आलं का?"

"येईल की हो आता, थांबली ना लढाई!"

"मंग पेढे आत ठिवा."

"अहो आजी, आनंदाची बातमी..."

"आत ठिवा म्हनलं ना!" आत्या इतक्या जोरात ओरडल्या की आशाबाईंच्या हातातला डबा पडला. नंतर मी जाऊन माफी मागून आले. इंद्रजीत सुखरूप आला तेव्हा आत्या स्वतः काठी टेकत गेल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि मग दोन पेढे मागून खाल्ले. आशाबाईंना अजून कळलेलं नाही काय झालं ते.

यंदाच्या पावसाळ्यात आत्यांच्या पायांवर सूज चढली. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं, फार दिवसांची आशा धरू नका असंही सांगितलं, आणि आत्यांनी ते दाराआडून ऐकलं. मरणाची भीती त्यांना नव्हती. "तिकडं गेले की माय पहिलं त्येच इचारंल," एवढंच म्हणाल्या. मग जेवण निम्मं झालं. नुसत्या ओट्यावर बसून रस्त्याकडे बघायच्या. ते बघणं मला सोसायचं नाही.

आणि नेमकं तेव्हाच वाळूजच्या शिफ्टच्या बसमध्ये अंगदांना माणूस सापडला. शेजारी बसणारा सुदर्शन सहज बोलत होता की त्याच्या आईचे वडील कडुबा, सिल्लोडच्या पलीकडे राहतात, नव्वदीला टेकलेत. त्यांचा थोरला भाऊ रामकिसन महायुद्धाच्या वेळच्या पलटणीतला, पार जावा बेटावर जाऊन आलेला. त्याच्याबरोबर एक मेंढक्या होता, मुंजाबा नावाचा. रामकिसन त्याची आठवण काढून मरेपर्यंत रडायचा.

आमचे हे बसमधून उतरले ते पळतच घरी आले. चपलासुद्धा काढल्या नाहीत. "आई, माणूस सापडला!" पुढचं काही विचारायचं भानच राहिलं नव्हतं. आत्या उठून उभ्या राहिल्या, आपल्या आपण, काठीशिवाय. म्हणाल्या, "गाडी कर."

दुसऱ्या दिवशी यांनी सुदर्शनला पुढचं विचारलं, आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ उभे राहिले. मी विचारलं, काय झालं? म्हणाले, "दिवाळीच्या तोंडावर गेला." माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. दिवाळी म्हणजे पोळ्याच्या नंतर. पुष्कळ नंतर. मेंढा कापला त्या दिवशी तो जिवंत होता.

मी तिथल्या तिथं ठरवलं की खोटं सांगायचं. यांच्या तोंडून नाही, यांचा चेहरा आत्यांना पाठ आहे. कडुबांच्या तोंडून. तेही म्हातारे आहेत, जिवाची तळमळ त्यांना कळेल. एक शब्द इकडचा तिकडे केला तर कुणाचं काय जाणार होतं? एक बाई सुखानं मरेल.

पोळा होऊन चार-सहा दिवस झाले होते. सिल्लोडच्या पुढं रस्त्याच्या दोन्ही अंगांना मका उभा होता, बैलांच्या शिंगांचा रंग अजून उडाला नव्हता. आत्या नवं लुगडं नेसल्या होत्या. कडुबा ओट्यावर बाजेवर बसलेले. आधी ठरल्याप्रमाणे यांनी आत्यांना गाडीतून उतरवायला वेळ लावला आणि मी लगबगीनं पुढं गेले. कडुबांना कमी ऐकू येतं हे सुदर्शननं सांगितलं होतं. किती कमी, ते सांगितलं नव्हतं.

मी कानाशी वाकून म्हटलं, "बाबा, सासूबाई विचारतील. मुंजाबा पोळ्याच्या आधी गेला म्हणून सांगा. म्हातारीला बरं वाटेल."

"कोन?"

मी जरा मोठ्यानं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून विचार केला आणि बहिऱ्या माणसाच्या आवाजात, सगळ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाले, "मुंजाबा? पोळ्याच्या आधी कसं सांगू बाई? दिवाळीच्या तोंडाला मेला त्यो! आमचा रामकिसन जवळ व्हता की!"

मी मागं वळून पाहिलं. आत्यांचा एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर होता. दार धरून तशाच उभ्या. मला वाटलं पडतात. पण त्या चालत आल्या, बाजेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या, "आता सगळं सांगा."

कडुबांनी सांगितलं. भावाकडून शंभरदा ऐकलेलं असल्यामुळे कुठं अडखळले नाहीत. लढाई संपल्याचं कळलं तेव्हा पलटणीत नाच झाला. मुंजाबा सगळ्यांत जास्त नाचला. ट्रंका बांधल्या. जहाजात चढवलं तेव्हा सगळ्यांना वाटलं घरी निघालो. जहाज जावाला गेलं. सुरबाया म्हणून शहर, तिथं उतरवलं.

पुढचं मी नंतर अमृताकडून समजून घेतलं. जावा आधी डच लोकांचं होतं, मग जपाननं घेतलं. जपान हरल्यावर बड्या सरकारांनी बसून ठरवलं की ते डचांना परत द्यायचं, आणि तोवर राखायला इंग्रजांनी आपली माणसं पाठवली. तिथले लोक म्हणत होते, आता आम्हाला कुणाचंच राज्य नको. तह झाला तो कागदावर. त्या कागदाची राखण करायला सिल्लोडचा मेंढक्या उभा.

"रामकिसन म्हनायचा, त्या लोकांशी आपलं काय वैर नव्हतं," कडुबा म्हणाले. "सकाळी त्यांच्याकडून केळी घेतली, अन् दुसऱ्या दिशी त्याच गल्लीत गोळ्या सुरू झाल्या. मुंजाबा पानी आनाया गेला व्हता. बादली घेऊनच पडला. तिथंच पाच-सहा जनांना एका जागी अग्नी दिला. रामकिसन परत आल्यावर तीन बाजार हिंडला तुमचा वाडा हुडकत. वाडा निघून गेलता."

आत्यांनी विचारलं, "लढाई तर संपली व्हती ना?"

"काय?"

"लढाई! संपली व्हती ना?"

"व्हय, संपली व्हती."

"मंग त्याला काहून मारलं?"

कडुबांनी मान हलवली. "आमचा रामकिसन बी मरस्तवर हेच इचारायचा."

आत्या मग हळूच काहीतरी म्हणाल्या. कडुबांनी कानाला हात लावला. त्या पुन्हा म्हणाल्या, त्यांना पुन्हा ऐकू आलं नाही. मग आत्यांना ते ओरडून सांगावं लागलं. "म्हनलं, माझ्या मायनं मारला! माझ्या मायनं!" घरातल्या बायका दारात आल्या. मका सोलणारे हात थांबले. आयुष्यभर जी गोष्ट त्या कुजबुजून बोलल्या, ती परक्याच्या अंगणात ओरडून बोलावी लागली. मी तोंडावर पदर घेतला. माझीच हौस, मीच केलं होतं हे सगळं.

कडुबांना मेंढ्याची गोष्ट माहीत नव्हती. ते गोंधळून म्हणाले, "नाय वो बाई. तिकडं बंदुका व्हत्या."

परतताना गाडीत मी समजवायला लागले. कुठं तो मेंढा आणि कुठं ते जावा, आत्या. तुमच्या आईनं काही केलं नाही. तिला लढाई संपली म्हणून सांगितलं, ते ज्यांनी सांगितलं ते खोटं बोलले. पाप असेल तर त्यांचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू शिकलेली हायेस. तुला सरकार दिसतंय. मला मेंढा दिसतोय."

त्यानंतर त्या फारशा उठल्याच नाहीत. पितरांचा पंधरवडा लागला. ठकूबाई कुंकू लावून गेलेली म्हणून आमच्याकडे तिचा घास अहेव नवमीला टाकतात, नवरा असताना गेलेल्या बायकांचा तो दिवस. मी सकाळीच खीर शिजवायला घेतली, तर आत्या म्हणाल्या, "आज नगं. अमावस्येला दोघांचं संगं करू."

मला उमगलं. आईचं कुंकू त्या आता आपल्या हातानं पुसत होत्या.

अमावस्येला मी खीर, वडे, कढी, गवारीची भाजी केली. गोवरीच्या विस्तवावर तूप-खीर टाकून आगारी दिली. आत्यांनी दोन पानं वाढायला लावली. बापाचं पान त्यांनी जन्मात पहिल्यांदा वाढलं. अंगदांनी त्यांना धरून गच्चीवर आणलं, त्या कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. ऊन कडक होतं. बापाच्या पानापुढं हात जोडले, बोलल्या काहीच नाहीत. त्याच्याशी त्या कधी बोललेल्याच नव्हत्या. मग आईच्या पानाकडे वळल्या.

"आये," त्या म्हणाल्या. आवाज लहान मुलीसारखा बारीक झाला होता. "कळलं गं. पोळ्याच्या आधीच गेला. लढाईतच गेला. तुझ्या मेंढ्यानं काय झालं नाय. तू मोकळी हायेस."

अंगद दुसरीकडे बघत होते. मी रडत होते, आणि मनातून मला हायसंही वाटत होतं. जे मी करायला गेले आणि फसले, ते त्यांनी स्वतः केलं होतं.

आत्यांनी माझा दंड धरला. "पटलं आसंल का गं तिला?"

"पटलं, आत्या. का नाही पटणार?"

त्यांनी मान हलवली. पानावरच्या खिरीला मुंग्या लागल्या होत्या, त्या त्यांनी बोटानं झटकल्या.

"नाय पटायचं," त्या म्हणाल्या. "मी खोटं बोलले की तिला लगीच कळायचं."